आयर्लंडमधले टाउनलंड, पॅरिश, बॅरनी, काउंटी: हा सगळा प्रकार काय आहे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही इथे मीथ काउंटीत घर घेतलं, म्हणजे गावात नाही, गावापासून जरा लांब, शेतांच्या मधे. सॉलिसिटरने जमिनीच्या रेकॉर्डची कॉपी पाठवली तर त्यात पत्ता असा काही नव्हताच. घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, फक्त 'अमुक टाउनलंडात आणि तमुक बॅरनीत असलेली जमीन' आणि खाली काउंटी. मी आधी घाबरलोच, की आपण कुठल्या बॅरनसाहेबाची जमीन घेतोय की काय. मग वाचत गेलो, शेजारच्या आजोबांना छळत गेलो, आणि आता इथल्या मराठी ग्रुपवर कोणी घर शोधायला लागलं की हे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतात. दरवेळी टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

टाउनलंड म्हणजे गाव का?

नाही. नावात टाउन आहे म्हणून सगळे फसतात, मीही फसलो. टाउनलंडमधे गाव असेलच असं नाही, दुकान नाही, चर्च नाही, कधीकधी एकही घर नसतं, नुसती शेतं आणि गाई. आपल्या भाषेत जवळचा शब्द हवा असेल तर शिवार म्हणा. जमिनीचा एक तुकडा, ज्याला नाव आहे आणि ज्याची हद्द ओढा, बांध, जुनी वाट, दलदलीची कड अशा गोष्टींवरून ठरलेली आहे. आमच्याकडे हद्द म्हणजे एक नाला, पावसाळ्यात, म्हणजे इथे वर्षभरच, वाहणारा. नाल्याच्या पलीकडचं घर माझ्या खिडकीतून दिसतं पण त्यांचा टाउनलंड वेगळा. आजोबा 'ते तिकडचे लोक' असं म्हणतात, जणू दुसऱ्या राज्यातले आहेत.

असे किती आहेत आणि किती मोठे असतात?

अख्ख्या बेटावर साधारण ६१ हजार. सरासरी सव्वातीनशे एकराच्या आसपास निघते पण सरासरीला इथे काही अर्थ नाही. मेयो काउंटीतला शेस्किन सात हजार एकरांच्या वर आहे, बहुतेक सगळी दलदल, आणि टिरोनमधे कॅरिकमोरजवळ ओल्ड चर्च यार्ड नावाचा एक आहे तो पाऊण एकरसुद्धा नाही, नावाप्रमाणेच जुनी चर्चची जागा. दोन्हींचा कागदावरचा दर्जा मात्र सेम.

बरं, मग टाउनलंडच्या वर काय? क्रम सांगून टाका ना.

क्रम असा सांगतात: प्रांत, त्यात काउंटी, त्यात बॅरनी, त्यात सिव्हिल पॅरिश, त्यात टाउनलंड. चार प्रांत, ३२ काउंट्या, सव्वातीनशेच्या आसपास बॅरन्या, अडीच हजाराच्या आसपास पॅरिश. परीक्षेला असेल तर एवढं लिहा आणि पुढे जा.

पण खरं सांगायचं तर हा जिना नाहीचे. हे एकावर एक टाकलेल्या गोधड्यांसारखं आहे, प्रत्येक गोधडी वेगळ्या माणसाने वेगळ्या कामासाठी शिवलेली. टाउनलंड गेलिक, म्हणजे इंग्रज यायच्या आधीच्या मूळ आयरिश काळातून आलेले, पॅरिश (एका चर्चच्या वाट्याचा भाग) चर्चने पाडलेले, काउंट्या इंग्रज राजाच्या शेरीफसाठी, म्हणजे त्याच्या अधिकाऱ्यासाठी, बॅरन्या जुन्या गेलिक सरदारांच्या मुलखावर इंग्रजी शिक्का मारून. त्यामुळे कडा जुळत नाहीत. एकच पॅरिश दोन बॅरन्यांत सांडलेला, काही तर दोन काउंट्यांत. शोधताना याचा भयंकर त्रास होतो. सगळ्यांच्या कडा ज्या एका गोष्टीवर येऊन थांबतात ती म्हणजे टाउनलंडची हद्द, वरचं सगळं टाउनलंडांच्याच विटांनी रचलंय असं समजा.

नावात सारखं बॅली, किल, कॅरो असं का येतं?

आयरिश भाषेतले शब्द इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेत म्हणून. बॅली म्हणजे बाले, ठिकाण किंवा वस्ती. किल बहुतेक वेळा छोटं चर्च, पण कधीकधी जंगलाचा शब्द पण किल होऊन बसलाय, त्यामुळे नुसत्या नावावरून छातीठोक बोलू नका. रा आणि लिस म्हणजे मातीच्या गोल तटबंदीची जुनी घरं, नॉक म्हणजे टेकडी, डेरी म्हणजे ओकची राई.

आणि कॅरो हा माझा आवडता, कारण तो सरळ हिशोबाचा शब्द आहे, त्याचा अर्थ पाव, चौथा हिस्सा. म्हणजे कोणीतरी कधीतरी मोठ्या जमिनीचे चार भाग केले आणि त्यातल्या एकाचं नाव 'पाव' पडलं ते पडलंच. तसंच फर्मानामधे आणि मोनाहनमधे टेट, कॅव्हनमधे पोल, टिरोनकडे बॅलीबो, मन्स्टरमधे नीव. हे सगळे मापाचे शब्द आहेत, आज ते गावांच्या पाट्यांवर बसलेत आणि बहुतेकांना त्यांचा अर्थ माहीत नसतो. बॅलीबो म्हणजे शब्दशः गाईची जमीन.

म्हणजे पूर्वी एकर मोजून टाउनलंड पाडले होते?

नाही ना, इथेच तर सगळी गंमत आहे (आणि पुढे रडारड पण). जुनी गेलिक पद्धत क्षेत्रफळाची नव्हतीच, ही जमीन किती गुरं पोसेल, किती धान्य देईल, सरदाराला किती देणं लागेल असा तो हिशोब. वरच्या मोठ्या एककाला बॅलीबेटा म्हणायचे, त्यात 'अन्न पुरवणारा' असा शब्द आहे, आणि मोनाहनमधे एका बॅलीबेटाचे १६ टेट. जमीन सुपीक असेल तर टेट छोटा, खडकाळ असेल तर मोठा. एकदम लॉजिकल.

मग आले इंग्रज. १६०९ मधे अल्स्टरची जमीन जप्त करून इंग्रज आणि स्कॉटिश वसाहतवाल्यांना वाटायची ठरली आणि वाटप एकरांत, १०००, १५००, २००० एकर असे गट्टे. आता एकर कोणी मोजलेच नव्हते, म्हणून त्यांनी सरळ धरून टाकलं की एक बॅलीबो म्हणजे ६० एकर. प्रत्यक्षात बॅलीबो त्याच्या कितीतरी पट मोठे. लागवडीची जमीन तेवढी हिशोबात धरली, दलदल आणि जंगल वरचं फुकट. म्हणजे ज्याला कागदावर हजार एकर मिळाले त्याच्या ताब्यात खरं तर कितीतरी जास्त आले. चूक होती का मुद्दाम होतं यावर लोक अजून भांडतात, मला विचाराल तर चूक ज्याच्या फायद्याची असते तो ती लवकर दुरुस्त करत नाही.

त्यात परत इथला एकर वेगळा. आयरिश एकर इंग्रजी एकराच्या १.६२ पट, कारण इथली मोजायची काठी ७ यार्डांची आणि तिकडची साडेपाच. उत्तरेत स्कॉटिश लोकांनी आपला तिसराच एकर आणला. जुन्या कागदात नुसतं 'एकर' दिसलं की आधी कुठला ते बघा, नाहीतर पणजोबांची जमीन फुगवून सांगाल.

बॅरनी म्हणजे बॅरनची जहागीर का? माझ्या घरावर कोणाचा हक्क आहे का?

नाही, निवांत झोपा. एकदोन अपवाद सोडले तर बॅरनीचा आणि पदवीवाल्या बॅरनचा तसा संबंध राहिलेला नाही. जुन्या काळात इथे तूआ नावाची छोटी छोटी राज्यं होती, दीडशेच्या आसपास. त्यांच्यावर त्रिखा केद नावाचं एकक, अर्थ 'तीस शेकडे', लढाईला माणसं किती द्यायची त्याचा हिशोब. मग इंग्लंडहून नॉर्मन आले त्यांनी त्यालाच कँट्रेड म्हटलं, आणि पुढे त्यातूनच बॅरन्या झाल्या. म्हणून बॅरन्यांची नावं इतकी जुनी आणि कानाला गोड वाटतात, इमोकिली, कॉर्काग्विनी, ती बरीचशी मुळात टोळ्यांची आणि घराण्यांची नावं आहेत. वेक्सफर्डमधल्या फोर्थ आणि बार्गी या दोन बॅरन्यांत तर नॉर्मन काळात आलेल्या लोकांची योला नावाची वेगळीच बोली १९ व्या शतकापर्यंत टिकून होती.

कामाला म्हणाल तर बॅरनी टॅक्ससाठी होती. रस्ते आणि पुलांसाठी जो कर लागायचा तो बॅरनीवार वसूल व्हायचा, आणि कुठला रस्ता करायचा यावर बॅरनीत बैठका व्हायच्या, शेवटचा शब्द अर्थातच काउंटीच्या ग्रँड ज्युरीचा, म्हणजे जमीनदारांचा, निवडणूक वगैरे काही नाही. १८९८ च्या कायद्याने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आल्या आणि बॅरनीचं काम संपलं. पण बॅरनी रद्द करतो असं कोणी लिहिलंच नाही, म्हणून सव्वाशे वर्षांनी ती माझ्या घराच्या कागदावर बसलीये. सरकारी कामात असंच असतं, नवीन रकाना आला तरी जुना कोणी काढत नाही.

पॅरिश दोन प्रकारचे का आहेत?

कारण धर्म बदलला, म्हणजे राजाचा बदलला, लोकांचा नाही. मध्ययुगातले जे पॅरिश होते ते १६ व्या शतकात राजाच्या प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडकडे गेले, इमारती, जमिनी, सगळ्यासकट. सरकारी कामात हेच पॅरिश वापरले म्हणून ते 'सिव्हिल पॅरिश'. बहुसंख्य लोक कॅथलिकच राहिले, त्यांच्या चर्चवर निर्बंध होते, आणि नंतर जेव्हा त्यांना उघडपणे चर्च बांधता आली तेव्हा त्यांनी लोकसंख्या आणि सोय बघून आपले वेगळे पॅरिश आखले. त्यामुळे एकाच जागेचे दोन पॅरिश आणि दोन्हींची नावं वेगळी असू शकतात. आज रोजच्या बोलण्यात कोणी 'आमचा पॅरिश' म्हटलं तर ते कॅथलिकच, कारण गेलिक फुटबॉलचे क्लब त्यावर चालतात. सिव्हिल पॅरिश फक्त जुन्या कागदात भेटतो.

काउंट्या कोणी पाडल्या?

इंग्रज राजवटीने, पण एकदम नाही, चारशे वर्षं लागली. डब्लिन १२ व्या शतकाच्या शेवटी, आणि सगळ्यात शेवटची विकलो १६०६ मधे. आता नकाशा बघा, विकलो डब्लिनला चिकटून आहे, गाडीने तासाभरावर! राजधानीच्या शेजारचे डोंगर इंग्रजांना इतकी वर्षं काबूत आणता आले नाहीत म्हणून शेजारची काउंटी सगळ्यात शेवटी. काउंटी झाली म्हणजे तिथे राजाचा शेरीफ पोचला, एवढाच त्याचा अर्थ.

नावांचे पण किस्से आहेत. १५५६ मधे मेरी राणीच्या काळात दोन काउंट्या झाल्या, क्वीन्स काउंटी आणि किंग्ज काउंटी. यातला किंग कोण, तर तिचा नवरा स्पेनचा फिलिप. म्हणजे आयर्लंडच्या मधोमध साडेतीनशे वर्षं एक काउंटी स्पॅनिश राजाच्या नावाने, गावाचं नाव पण फिलिपस्टाउन. स्वातंत्र्याच्या काळात ही नावं गेली आणि जुनी लीश आणि ऑफली परत आली. लंडनडेरी काउंटी १६१३ ची, पण ती नवी नाही, आधीची कोलरेन काउंटी वाढवून केलेली, लंडनच्या व्यापारी कंपन्यांना जमीन दिली म्हणून लंडन जोडलं, आणि त्या नावावरून आजही कोणाच्या घरी गेलात तर जपून, तुम्ही डेरी म्हणता का लंडनडेरी यावरून तुम्ही आयर्लंडच्या बाजूचे का ब्रिटनच्या हे समोरचा तोलतो.

टिपररीचे १८३८ मधे दोन भाग केले, नॉर्थ रायडिंग आणि साउथ रायडिंग. रायडिंग या शब्दाचा मूळ अर्थ तिसरा हिस्सा. तिसरा कुठेय? नाहीच, दोनच केले. २०१४ मधे दोन्ही परत एक झाले.

प्रांत चार आहेत तर प्रांताला 'पाचवा भाग' का म्हणतात?

आयरिशमधे प्रांताला कूगे म्हणतात आणि त्याचा अर्थ खरंच एक पंचमांश. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट हे चार, आणि पाचवा मीथ, तारा टेकडीवाला, उच्चराजाचा मुलूख. तो पुढे लेन्स्टरमधे विरघळला, उरल्या मीथ आणि वेस्टमीथ काउंट्या. मीथवाले अजून स्वतःला रॉयल काउंटी म्हणवतात, आता मी पण म्हणवतो. असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली याच मीथमधला, तरुणपणी ट्रिमचा खासदार होता आणि तिथे त्याचा पुतळा उंच खांबावर उभा आहे. मी ट्रिमला गेलो की त्याच्याकडे जरा रागानेच बघतो.

कॉनॉट ओळखीचं वाटलं ना? दिल्लीचं कॅनॉट प्लेस ज्या ड्यूक ऑफ कॉनॉटच्या नावाने आहे ते हेच. आपल्या संभाजीनगरच्या सिडकोत पण एक कॅनॉट आहे, तिथे संध्याकाळी वडापाव खाताना कोणाच्या मनात आयर्लंडचा पश्चिम किनारा येत असेल? प्रांतांना आज सरकारी काम शून्य, रग्बीच्या टीम मात्र प्रांतावर आहेत.

ही सगळी जमीन शेवटी मोजली कोणी?

दोन मोठ्या मोजण्या झाल्या आणि दोन्हींमागे पैसा.

पहिली १६५० च्या दशकात. इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल, त्याने आयर्लंड जिंकलं, सैनिकांचे पगार थकलेले, ते जप्त जमिनीतून द्यायचे ठरले. म्हणजे आधी जमीन किती ते कळायला हवं. ते काम घेतलं विल्यम पेटीने, पेशाने डॉक्टर, ऑक्सफर्डला शरीरशास्त्र शिकवायचा. त्याने कामाचे तुकडे केले, साखळी ओढायला साधे सैनिक, नकाशे काढायला वेगळी माणसं. त्याला डाउन सर्व्हे म्हणतात कारण मोजलेलं नकाशावर 'उतरवलं'. पेटीला स्वतःला केरीमधे भरपूर जमीन मिळाली हे वेगळं सांगायला नको. त्या नकाशांचा एक संच १७०७ मधे समुद्रात फ्रेंचांनी पकडलेल्या जहाजावर होता, तो आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. इथल्या लोकांना मोजणीचा अर्थ आधीपासून बरोबर कळलेला होता: रिचर्ड बार्टलेट नावाचा नकाशावाला १६०३ च्या सुमारास डोनेगलकडे गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं डोकंच उडवलं, आपला मुलूख कोणी कागदावर आणू नये म्हणून.

दुसरी १८२४ पासून, ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारचं नकाशे काढणारं खातं. कारण परत टॅक्स, टाउनलंडवार कर लावायचा पण टाउनलंड किती मोठा तेच कोणाला नक्की माहीत नाही. प्रमुख थॉमस कोलबी, ऑफिस डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधे. एका मैलाला सहा इंच असा मोठा स्केल, १८३३ मधे डेरीपासून नकाशे छापायला सुरुवात आणि १८४६ मधे केरीवर शेवट. अख्खा देश इतक्या बारकाईने मोजून छापणं हे त्या काळात फार मोठं काम होतं, मी आमच्या टाउनलंडचा नकाशा मोठा करून बघितला तर त्यात माझ्या घराच्या जागी शेत आहे आणि नाला जिथे आज आहे तिथेच.

हद्दी ठरवायचं काम रिचर्ड ग्रिफिथकडे. त्याची माणसं गावात जायची, सोबत स्थानिक मिअर्समन, म्हणजे ज्याला आपल्या भागाची हद्द पाठ आहे असा माणूस, तो पुढे चालणार आणि दाखवणार, इथून ओढा, मग तो दगड, मग ती वाट. म्हणजे शतकानुशतकं जे लोकांच्या डोक्यात होतं ते तेव्हा पहिल्यांदा नीट कागदावर आलं, आणि आले तसे पक्के झाले. काही ठिकाणी मोठे टाउनलंड तोडून अप्पर-लोअर केले, काही छोटे गिळले गेले.

आणि हो, याचा आपल्याशी संबंध आहे. पायाभूत रेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी मोजणी बेततात ती, उत्तरेतल्या लॉख फॉइल खाडीच्या काठाने १८२७-२८ मधे मोजली, त्यासाठी कोलबीने पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या बनवल्या होत्या, ऊन-थंडीने लांबी बदलू नये म्हणून. भारताच्या मोजणीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट तेव्हा रजेवर होता, तो हे काम आयर्लंडला जाऊन बघून आला आणि तशाच पट्ट्या घेऊन १८३० मधे भारतात परतला. कलकत्त्याची पायाभूत रेषा त्यांनीच मोजली.

स्पेलिंग इतकी विचित्र का आहेत?

कारण ती एका माणसाने बसून ठरवली. म्हणजे एकच नाही, पण जॉन ओडोनोवन मुख्य. सर्व्हेवाल्यांना प्रत्येक नावाचं एक स्पेलिंग हवं होतं आणि जुन्या कागदात एकाच जागेची दहा. ओडोनोवन १८३० च्या दशकात पायी काउंटीमागून काउंटी फिरला, म्हाताऱ्यांना उच्चार विचारले, जुनी हस्तलिखितं ताडली, आणि मूळ आयरिश काय असेल ते ठरवून त्याला जवळचं इंग्रजी रूप दिलं. त्याने ऑफिसला पाठवलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. नाव छापलं गेलं ते इंग्रजी, पण त्याच्या वह्यांमुळे मूळ आयरिश नावं वाचली. काही वर्षांतच दुष्काळ आला आणि ज्या म्हाताऱ्यांना त्याने विचारलं त्यातले किती गेले असतील.

गॉलवेत मकनाहडर्डाहॉलिया नावाचा टाउनलंड आहे, इंग्रजीत २२ अक्षरं. अर्थ सांगतात तो असा: दोन खाऱ्या पाण्यांच्या मधली डुकराच्या आकाराची जागा. फॉर्मच्या रकान्यात बसवून दाखवा. नावाचं राजकारण अजून संपलेलं नाही बरं का, केरीतल्या डिंगलच्या पाट्यांवरचं इंग्रजी नाव सरकारने काढलं तर गावाने २००६ मधे मतदान घेऊन प्रचंड बहुमताने विरोध केला.

पुअर लॉ युनियन आणि इलेक्टोरल डिव्हिजन ही नवीन भानगड काय?

१८३८ च्या गरीब कायद्याने देशाचे १३० युनियन केले, नंतर ते १६३ झाले. प्रत्येकाच्या मधोमध बाजाराचं गाव आणि तिथे वर्कहाउस, म्हणजे जिथे निराधाराने जाऊन काम करायचं आणि कदान्न खायचं. आखताना काउंटीच्या हद्दी बघितल्याच नाहीत. युनियनचे तुकडे म्हणजे इलेक्टोरल डिव्हिजन, टाउनलंड जोडून केलेले, आणि आपापल्या डिव्हिजनमधल्या गरिबांचा खर्च त्याच डिव्हिजनच्या जमिनीवर कर म्हणून.

हे कोरडं वाटतं पण दुष्काळात याच रेषांवर माणसं मेली. चार पौंडांपेक्षा कमी मूल्याच्या जमिनीचा कर कुळाने नाही तर जमीनदाराने भरायचा होता, म्हणून छोटी कुळं हाकलून घरं पाडली की कर वाचला. १८४७ मधे आणखी एक कलम आलं, पाव एकराहून जास्त जमीन असेल तर मदत नाही. म्हणजे पोरांना खायला घालायचं तर जमीन सोडा. आमच्या जवळ एक टाउनलंड आहे तिथे नकाशावर घरांची रांग दिसते आणि आज फक्त झुडपांत दगडांचे ढीग. आजोबा तिथून जाताना गाडी हळू करतात, बोलत काही नाहीत.

इलेक्टोरल डिव्हिजन आजही जिवंत आहेत, रिपब्लिकमधे, म्हणजे उत्तर आयर्लंड सोडून उरलेल्या स्वतंत्र देशात, कायद्याने ३,४४०, जनगणनेला वापरतात.

माझ्या बायकोचे पूर्वज आयरिश आहेत, शोधायचं कसं?

(हा प्रश्न खरंच आला, अमेरिकेतल्या एका मित्राकडून.) टाउनलंडचं नाव मिळवा. नुसतं 'काउंटी कॉर्क, मर्फी' घेऊन आलात तर हयात जाईल. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला, १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे कागद जवळपास सगळे त्यात. १८६१ ते १८९१ चे सरकारने आधीच स्वतःच्या हाताने नष्ट केलेले, म्हणजे शत्रूची गरजच नाही. १९२२ च्या आधीचे पूर्ण उरलेत ते १९०१ आणि १९११ चे, ते ऑनलाइन फुकट आहेत आणि काउंटी, डिव्हिजन, टाउनलंड असं उतरत घरापर्यंत जाता येतं. त्याच्या मागे जायला ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४, कोणाकडे किती जमीन आणि मालक कोण, टाउनलंडवार. त्याच्याही मागे १८२३ ते १८३७ च्या चर्चच्या कराच्या वह्या. जन्म-मृत्यूची नोंद १८६४ पासून आणि ती युनियनवार, म्हणून काउंटी क्लेअरचा माणूस लिमरिक युनियनमधे सापडू शकतो.

उत्तर आयर्लंडमधे पण हेच आहे का?

मुळात हेच, अल्स्टरच्या नऊपैकी सहा काउंट्या तिकडे. पण १९७३ मधे तिथे काउंटी कौन्सिल गेल्या, २६ जिल्हे आले, २०१५ पासून ११. १९७० च्या दशकात पोस्टाने खेड्यांतल्या रस्त्यांना नावं आणि घरांना नंबर दिले आणि पत्त्यातून टाउनलंड उडवायला घेतले. लोकांनी बरीच बोंब मारली, पण फर्माना काउंटीने खरोखर हट्ट धरून टाउनलंड टिकवले.

मग आज यातलं काय वापरात आहे?

टाउनलंड सगळीकडे: पत्त्यात, बांधकामाच्या परवानगीच्या नोटिशीवर, शोकसंदेशात. बॅरनी घराच्या कागदात. काउंटी तर लोकांच्या रक्तात, १९८७ पासून गाडीच्या नंबरप्लेटवर काउंटीचं अक्षर असतं आणि डब्लिनची गाडी पश्चिमेला चुकीच्या लेनमधे घुसली की लोक मान हलवतात. खरी काउंटी मात्र फुटबॉलची. बॅलाहाडेरीन हे गाव १८९८ च्या कायद्याने मेयोतून रॉसकॉमनमधे गेलं, पण त्यांचा क्लब आजही मेयोतच खेळतो. कायदा कायद्याच्या जागी. डब्लिन काउंटीचे १९९४ मधे तीन तुकडे होऊन त्यातला एक फिंगल झाला, पण फिंगलचा म्हणून कोणी ओरडत नाही, मॅचला सगळे डब्लिनच.

२०१५ मधे एअरकोड आला, सात अक्षर-अंकांचा, आणि प्रत्येक घराला वेगळा. त्याच्या आधी आमच्यासारख्या भागात एका टाउनलंडमधल्या सगळ्या घरांचा पत्ता अगदी एकच असायचा, वेगळेपण फक्त आडनावाचं, आणि आडनाव पण चार घरांत तेच. पोस्टमन मात्र सगळ्यांना ओळखून.

आणि तुमचं ते पार्सल शेवटी मिळालं का?

ग्रुपवर हे विचारून विचारून माझी वाट लावलीये म्हणून इथेच उत्तर. आईने दिवाळीला चकल्या पाठवल्या, आणि आकाशकंदील. तिने पत्ता लिहिला आमचं आडनाव, टाउनलंड आणि जवळचं गाव, कोड विसरली. कुरियरवाल्याच्या ॲपमधे 'पत्ता अपूर्ण'. टाउनलंडचं नाव सांगितलं तर म्हणे रस्ता कुठला, रस्त्याला नाव नाही म्हटलं तर म्हणे मग नंबर. तीन दिवस ते पार्सल गाडीतच फिरत होतं. चौथ्या दिवशी सकाळी आजोबा ट्रॅक्टरवरून आले, मांडीवर खोका. ड्रायव्हरने नाल्याच्या पलीकडे कोणाला तरी विचारलं, त्यांनी सांगितलं ते इंडियन लोक ना, ते आमच्यात नाही, ते पलीकडच्या टाउनलंडात, आणि खोका आजोबांकडे ठेवून दिला. चकल्यांचा भुगा झाला होता. आजोबांना त्यातलाच वाटीभर दिला, आता ते दर महिन्याला विचारतात की पुढचं पार्सल कधी.